‘त्याला मागे बसवून झांज देऊ का?’

पत्र (थोडक्यात): मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत संगीत शिकवते. सहावीच्या वर्गात ४४ मुलं आहेत, आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. वर्गात एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो चाकाच्या खुर्चीवर असतो, उजवा हात बरा चालतो, डावा ताठ असतो, बोलणं संथ आहे. एका मुलीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. काही मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. काही मुली उलट टोकाच्या आहेत. त्या त्याचं दप्तर उचलतात, त्याच्या हातातली झांजही स्वतःच वाजवतात आणि त्याच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलतात. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीच्या वाटेला कुणीच जात नाही. ‘जोड्या करा’ म्हटलं की दोघंही उरतात. स्नेहसंमेलनाला सहा आठवडे आहेत. समूहगीत बसवायला घेतल्यावर एक पालक म्हणाल्या, ‘त्या दोघांमुळे गाणं बिघडेल, बाकीच्यांचं नुकसान का?’ मुलांना एखादा प्रेरणादायी चित्रपट दाखवून समजावून सांगू का? आणि त्याला मागच्या रांगेत बसवून झांज दिली तर चालेल का? त्याचा सहभागही होईल आणि गाणंही सांभाळलं जाईल. – एक संगीत शिक्षिका

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याच्यावर अवलंबून आहेत. मागची रांग नको आणि झांज तर मुळीच नको.

वाद्य म्हणून झांज त्याच्यासाठी सर्वांत गैरसोयीची आहे. तिला दोन्ही हात लागतात, ते बरोबर मध्यभागी एकमेकांना भेटावे लागतात, आणि तुम्ही लिहिलंय की त्याचा डावा हात ताठ असतो. शिवाय झांजेचा आवाज टोकदार असतो. ठोका किंचित मागेपुढे झाला तरी तो सगळ्या सभागृहाला ऐकू जातो. म्हणजे ज्याला नेमक्या क्षणी हात हलवणं कठीण जातं, त्याच्या हाती आपण प्रत्येक चूक चव्हाट्यावर मांडणारं वाद्य देतो. दुसरी गोष्ट मुलांच्या बाजूची. शाळेत मागच्या रांगेतली झांज कुणाला मिळते, हे अकरा वर्षांच्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. ‘याला काही येत नाही, पण घ्यावं लागतं’ हा निरोप त्यांच्यापर्यंत न बोलता पोचतो. मग तुम्ही भाषण कितीही चांगलं करा, मुलं निरोप धरून चालतात.

तुमच्या वर्गात तीन गोष्टी चालू आहेत: नक्कल, लाड आणि टाळणं. वरवर त्या वेगळ्या दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, ती म्हणजे या दोघांवाचून वर्गाचं काही अडत नाही. ही समज समजावून सांगून फारशी हलत नाही. ती हलते कामाच्या रचनेने. संगीताच्या शिक्षिकेच्या हाती अशी रचना बदलण्याची सोय जितकी असते, तितकी गणिताच्या शिक्षकांच्या हाती नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, त्यासाठी चार गोष्टी लागतात. दोन्हीकडचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्याला उघड पाठिंबा हवा. ऑलपोर्ट यांच्यापुढे प्रामुख्याने वंश आणि धर्म यांवरून होणारे भेद होते, पण अपंगत्वाबद्दलच्या वृत्तीच्या अभ्यासातही हीच चौकट पुढे वापरली गेली. तुमच्या वर्गात ध्येय एकच आहे: गाणं बसवणं. उरलेल्या तीन गोष्टी घडवाव्या लागतील.

चित्रपट आणि डोळ्यांवरची पट्टी

चित्रपट सध्या बाजूला ठेवा. तो पाहून मुलं हेलावतील, एखाद-दुसरं रडेलही, पण त्यातून दया वाढते आणि दयेमुळेच त्या मुली त्याच्या हातातली झांज काढून घेतात. अशा कथांतली माणसं बहुतेक वेळा असामान्य असतात. मग मुलांना वाटतं, अपंग माणूस अचाट काही करून दाखवत असेल तरच मान द्यायचा. तुमच्या वर्गातल्या मुलाला एक बरा वादक व्हायचं आहे. त्यासाठी त्याला कुणाचं स्फूर्तिस्थान व्हावं लागू नये.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, कानात बोळे घालून बसणं हे खेळही नकोत. पाच मिनिटं पट्टी बांधलेल्या मुलाला फक्त भीती आणि गोंधळ अनुभवायला मिळतो. वर्षानुवर्षं न पाहता वावरणाऱ्या माणसाने कमावलेलं कौशल्य त्याला अजिबात कळत नाही. ‘बापरे, किती वाईट!’ एवढंच तो घरी घेऊन जातो.

संगीतातल्या मोठ्या माणसांबद्दल सांगायचंच असेल, तर संगीताच्या ओघात सांगा. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचा पाठ असेल तेव्हा सांगा की लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली, ते मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. चरित्रातला एक तपशील म्हणून सांगा आणि पुढे चला. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांना फार कमी ऐकू येतं. त्या अनवाणी वाजवतात, कारण जमिनीतून येणारी कंपनं त्यांना पायांना जाणवतात. हे मात्र वर्गात करून पाहण्यासारखं आहे. बाकावर हात ठेवून सगळ्यांनी ढोलकीचा ठेका हातांनी ‘ऐकायचा’. इथे कुणाची नक्कल नाही, सगळेच एक नवीन गोष्ट शिकतात.

त्याचा भाग कसा रचायचा

सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप नीट पोचत नाहीत. हात हलवायचा असं मनात आल्यापासून तो प्रत्यक्ष हलेपर्यंत जास्त वेळ जातो, आणि घाई केली की स्नायू आणखी ताठ होतात. म्हणून दर मात्रेला ठोका असलेला भाग त्याला दिला की तो मागे पडणारच. मागे पडला की मुलं हसणार, हसली की हात आणखी ताठ होणार.

उपाय तालाच्या हिशेबातच आहे. समजा तुमचं गीत केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) आहे आणि लय मिनिटाला ८० मात्रांची आहे. आठ मात्रांचं आवर्तन सहा सेकंदांत पूर्ण होतं. त्याने फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, वाजवायचं ठरवलं तर दोन ठोक्यांत सहा सेकंद मिळतात. तेही कमी पडत असतील तर एकाआड एक समेवर, म्हणजे बारा सेकंदांनी वाजवू द्या. पाचव्या मात्रेपासून सगळ्यांनी बोटांवर मोजलं की त्याला तयारीला तीन सेकंद आधी इशारा मिळतो. त्याला नेमका किती वेळ लागतो ते आधी एकट्याबरोबर बसून पाहा. ‘आता’ म्हणा आणि ठोका पडेपर्यंत मनात मोजा, असं दहा वेळा करा. जो सर्वांत जास्त वेळ लागला तो धरून भाग रचा. सरासरी धरलीत तर निम्म्या वेळा तो उशिरा पडेल.

याहूनही चांगली एक युक्ती आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी षड्जावर (‘सा’वर) थांबायचं, सूर धरून ठेवायचा. ताल तिथे थांबतो. तो ठोका देतो आणि त्याच्या ठोक्यावरच मुखडा पुन्हा सुरू होतो. अशा जागी ‘उशीर’ नावाची गोष्टच उरत नाही. तो दोन सेकंदांनी वाजवो की पाच, गाणं त्याच्या हातातून पुढे जातं. बाकीचे सगळे आवाज श्वास राखून त्याच्या हाताकडे पाहतात. बरोबरीचा दर्जा म्हणतात तो असा मिळतो. पोवाड्याच्या बाजाचं गीत असेल तर हे फारच छान बसतं, कारण तिथे शाहिराने थांबणं आणि मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनी वाट पाहून उचलणं मुळातच असतं.

वाद्य मोठ्या तोंडाचं, खोल आवाजाचं हवं. मोठा डफ किंवा ढोल चालेल. तबल्यासारख्या लहान पुडीवर नेमकं मारण्यापेक्षा फूटभर रुंदीच्या चामड्यावर कुठेही मारलं तरी नाद येतो. डफ स्टँडवर किंवा बाकाला सुतळीने घट्ट बांधा, हलता कामा नये. उंची त्याच्या कोपराच्या किंचित खाली ठेवा, तोंड त्याच्याकडे थोडं कललेलं ठेवा आणि जागा समोर मध्यभागी न घेता उजव्या हाताच्या बाजूला घ्या. काठीची मूठ जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचा वीतभर तुकडा चढवला की मूठ साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीची होते. टोकाला कापड गुंडाळून चेंडू करा, म्हणजे नाद गोल येतो. काठी सुटत असेल तर तळहाताभोवती रुंद इलॅस्टिक लावा, आत दोन बोटं सहज जातील इतकं सैल. आणि पायांकडे बघायला विसरू नका. पाय लोंबकळत असतील तर हातावरचा ताबा कमी होतो. पाय खुर्चीच्या पायटीवर किंवा पाटावर पूर्ण टेकलेले हवेत आणि पाठ मागे टेकलेली हवी.

त्याला दुसऱ्या ढोलाशेजारी बसवू नका. सेरेब्रल पाल्सी असलेली बरीच मुलं अचानक मोठा आवाज झाला की दचकतात आणि सगळं अंग ताठ होतं. ते त्यांच्या हातात नसतं. सलग दहा-बारा मिनिटं वाजवून झालं की विश्रांती द्या. तासाच्या शेवटी चुका वाढत असतील तर बहुधा तो थकलेला असतो.

आता एक प्रश्न वर्गातून हमखास येणार: ‘बाई, त्याला एकच ठोका आणि आम्हाला एवढं सगळं?’ या वयात न्यायाची जाणीव तीव्र असते, तेव्हा रागावू नका. उलट जो विचारेल त्याला डफापाशी बोलवा. लय ६० वर आणा, सोळा मात्रांचा तीनताल धरा आणि मनात मोजून फक्त समेवर ठोका द्यायला सांगा. सोळा सेकंदांत एक ठोका, मध्ये कुणी मोठ्याने मोजणार नाही. बहुतेक मुलं आधीच वाजवून मोकळी होतात. संथ लयीत वाट पाहणं सहावीच्या मुलांना खरोखर अवघड जातं. चार-पाच जणांनी करून पाहिलं की त्या भागाची किंमत वर्गाला आपोआप कळते.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीबद्दल

तुमच्या पत्रात तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं आहे, आणि वर्गातही तिचं तेच होत असावं. नक्कल दिसते, लाड दिसतात, टाळणं मात्र दिसत नाही. ते मोडायला सर्वांत जास्त दिवस लागतात.

मुलांना आधी हे कळू द्या की श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं. चष्म्याने अक्षर स्पष्ट होतं. यंत्राने आवाज मोठा होतो, पण स्पष्ट होईलच असं नाही. ४४ मुलं सिमेंटच्या खोलीत एकदम मोठ्याने गाऊ लागली, वर पेटी आणि टाळ्या, की तिच्या कानात सगळ्याचा एक गोळा होतो. ती उत्तर देत नाही, मग मुलांना वाटतं ती शिष्ट आहे किंवा तिला काही कळत नाही. तुटलेपणाची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते.

तिला तुमच्यापासून मीटरभर अंतरावर बसवा, जिथून तुमचे ओठ दिसतील. खिडकीला पाठ करून उभ्या राहू नका, उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो. नवी ओळ आधी नुसत्या आवाजाने शिकवा, पेटी नंतर, तीही हळू. शब्द फळ्यावर हवेतच. ऐकू येण्यातला दोष बऱ्याच मुलांत उंच आवाजांना जास्त असतो, म्हणून तार सप्तकातल्या जागा तिला निसटू शकतात. पट्टी थोडी खाली घ्या आणि गीत शक्यतो मध्य सप्तकात ठेवा. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी करून घेता येते. तिच्या पालकांना ते ऑडिओलॉजिस्टकडे विचारायला सांगा. बोलण्यासाठी केलेली मांडणी कधीकधी तानपुऱ्यासारख्या सलग सुराला गोंगाट समजून दाबून टाकते. (कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, असेल तर चित्र आणखी वेगळं असतं. लय बहुधा चांगली कळते, सुरांमधलं अंतर ओळखणं कठीण जातं.)

आपल्या ताल पद्धतीत एक फार मोठी सोय आहे, आणि तिचा वापर आपण पुरेसा करत नाही. टाळी आणि खाली (जिथे टाळी न देता हात बाजूला फिरवतात ती जागा) हातांनी दाखवली जाते, म्हणजे आपला ताल डोळ्यांना दिसतो. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला तीनताल आणि केरवा तोंडाने न बोलता फक्त हातांनी करायला शिकवा. त्या मुलीला मात्र हे आदल्या दिवशी दहा मिनिटं वेगळं शिकवून ठेवा. तासाला ती समोर उभी राहील, वर्गाने तिच्या हातांकडे बघून चालायचं. मुलं चुकतील, ती चुकणार नाही. तिने तयारी करून येणं म्हणजे लबाडी नव्हे. घरी पेटी असलेली मुलं रोजच तयारी करून येतात.

टाळ्यांच्या जागी हात वर करून पंजे हलवण्याची कर्णबधिरांची पद्धत वर्गात सुरू करा. मुलांना ती आवडते आणि तिच्या कानावरचा मारा थांबतो. तुणतुणं मिळालं तर तेही तिला द्या. एक तार, एकच सूर आणि हाताला जाणवणारं कंपन, तिन्ही गोष्टी तिच्या सोयीच्या आहेत.

जोड्या, गट आणि मदत

‘जोड्या करा’ हे वाक्य तासातून काढून टाका. निवड मुलांवर सोडली की उरणारी मुलं रोज तीच असतात आणि सगळा वर्ग ते रोज पाहतो. पाच-सहा जणांचे आठ गट तुम्हीच करा, दोघांना वेगवेगळ्या गटांत घाला आणि हे गट सहा आठवडे बदलू नका. ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच. गटात कामं फिरती ठेवा: एक जण लय धरतो, एक शब्द तपासतो, एक सुरुवातीचा इशारा देतो. दर दोन तासांनी कामं बदलायची, त्या दोघांचीही.

एका मुलीला ‘तू त्याची मदतनीस’ असं नेमू नका. मदतनीस झाली की ती वरची आणि तो खालचा, हे कायमचं ठरून जातं. तिला शाबासकी मिळते आणि तो तिचं काम होऊन बसतो. लाड करणाऱ्या मुलींना एकच नियम द्या: आधी विचारायचं, ‘मदत हवी का?’, आणि उत्तर येईपर्यंत मनात दहापर्यंत मोजायचं. त्याच्या बोलण्याला वेळ लागतो, म्हणून दहा. तो ‘नको’ म्हणाला तर हात मागे. त्याची खुर्ची आणि तिची यंत्रं यांना न विचारता हात लावायचा नाही.

तुमच्या स्वतःच्या कौतुकाकडेही लक्ष द्या. त्याने नुसती काठी उचलली तरी ‘वा, शाबास!’ आणि इतरांना मात्र चार आवर्तनं सुरात गेल्यावर, असं होत असेल तर मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो. त्यालाही कळतो. ठोका चुकला तर ‘कडेला बसला, थोडा आत मार’ असं सांगा. दुरुस्ती करण्याइतकं आपण कुणाला गंभीरपणे घेतो, हे मुलं बरोबर पाहत असतात.

नक्कल झाली तर

त्या क्षणी थांबा, आवाज चढवू नका. ‘त्याला बोलायला वेळ लागतो. या वर्गात आपण थांबतो. पुढची ओळ.’ एवढंच बोलून गाणं चालू करा. लांब भाषण दिलंत तर सगळ्या वर्गाचे डोळे त्या मुलावर खिळतात आणि शिक्षा त्यालाच होते. नक्कल करणाऱ्याशी तासानंतर एकट्याने बोला आणि कृतीचं नाव घेऊन बोला: ‘तू त्याचा आवाज काढलास, ते बंद.’ सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. ती मागताना मागचा बाक हसतो, आणि ज्याची माफी मागितली त्याला ‘असू दे’ म्हणावंच लागतं. पुन्हा झालं तर वर्गशिक्षक आणि पालक, तिसऱ्यांदा मुख्याध्यापक. हा क्रम आधीच सांगून ठेवा आणि पाळा.

नक्कल आणि कुतूहल यांत फरक करा. ‘त्याचा हात असा का?’ हा प्रश्न आहे, त्याला ‘श्श!’ हे उत्तर नाही. गप्प केलेली मुलं आपापली उत्तरं शोधतात: शेजारी बसलं तर आपल्यालाही होईल, आईच्या हातून काहीतरी पाप झालं असेल. अशा समजुती अजूनही घराघरांत आहेत. साधं उत्तर तयार ठेवा. मेंदूची वाढ होत असताना, बहुधा जन्माच्या आधी किंवा त्या सुमारास, इजा झाली की असं होतं. तो संसर्ग नाही, पसरत नाही. बोलणं संथ म्हणजे समज कमी, असं धरायचं नाही. पण हे वर्गात सांगण्याआधी त्या दोघांची आणि त्यांच्या पालकांची परवानगी घ्या. काय सांगायचं, कुणी सांगायचं, ते दोघं वर्गात असताना की नसताना, हे त्यांनीच ठरवायचं. एखादं मूल म्हणेल, ‘मीच सांगतो.’ एखादं म्हणेल, ‘काही सांगू नका.’ दोन्ही मान्य करा.

पालक आणि मुख्याध्यापक

त्या पालकांशी वाद घालू नका, पण मोघमही बोलू नका. ‘या वर्गाचं गीत या वर्गातली सगळी मुलं करतील. गीत त्याप्रमाणेच बसवलं आहे, पुढच्या आठवड्यात तालमीला येऊन ऐका.’ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि शिक्षणाबरोबरच खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची आहे. मुख्याध्यापकांना हे दाखवा आणि गीताला संपूर्ण वर्ग असेल ही सूचना त्यांच्या सहीने वर्गात वाचली जाऊ द्या. ऑलपोर्ट यांची चौथी अट ती हीच. तुम्ही एकट्या म्हणत राहिलात तर मुलं त्याला ‘संगीताच्या बाईंचं खूळ’ समजतील.

समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात चौकशी करा. बसण्याची व्यवस्था, पट्ट्या, पायटी यांसाठी त्यांची एक फेरी मोठं काम करते.

सहा आठवडे

तुमच्याकडे बारा तास आहेत, म्हणजे सगळे मिळून सात घड्याळी तास. पहिल्या आठवड्यात गीत घेऊच नका. गोलात बसणं (सगळे खुर्च्यांवर किंवा बाकांवर, म्हणजे चाकाची खुर्ची वेगळी दिसत नाही), हाताने ताल, हळू आवाजात गाणं आणि थांबणं, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुखडा आणि पहिलं कडवं गटागटांत. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सगळं बिघडल्यासारखं वाटतं. नवेपणा ओसरलेला असतो, थांबायचा कंटाळा येतो, कुणीतरी त्याच्या ठोक्याआधीच सुरू करतं. तेव्हा भाग सोपा करू नका आणि दुसऱ्या कुणाला ‘राखीव’ म्हणून डफावर बसवू नका. जो आधी सुरू करेल त्याच्या गटाने ती जागा पुन्हा म्हणायची, न रागावता, दर वेळी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पूर्ण गीत आणि सहाव्यात रंगमंचावर दोन तालमी, त्यांतली एक ध्वनिक्षेपकासह.

रंगमंचावर नेहमी चुकणाऱ्या काही गोष्टी आहेत. खुर्ची वर न्यायला उतार (रॅम्प) आहे का ते आदल्या आठवड्यात पाहा. ऐन वेळी त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं तर सहा आठवड्यांचं काम दोन मिनिटांत उलटतं. ती मुलगी स्पीकरसमोर नको. फेटा बांधणार असाल तर तिच्या कानांवरून बांधू नका. कानामागच्या यंत्राचे माइक झाकले जातात, शिट्टी वाजू लागते आणि ती घाबरून यंत्र बंद करते. नवी बॅटरी किंवा चार्जिंग त्याच सकाळी तपासा. त्याच्या अंगरख्याची बाही मनगटापाशी घट्ट हवी, नाहीतर काठी अडकते. आणि निवेदकाच्या हातातला कागद स्वतः वाचून पाहा. ‘दिव्यांग असूनही’ हे शब्द त्यात असतील तर खोडा. इयत्ता सहावी, गीताचं नाव, वादकांची नावं. डफ – अमुक, तुणतुणं – अमुक, पेटी – अमुक, एकाच दमात.

फरक पडतोय की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नका. आत्ताच, या आठवड्यात, प्रत्येक मुलाकडून एक चिठ्ठी घ्या: ‘पुढच्या गीतात कुणाबरोबर वाजवायला आवडेल? तीन नावं.’ ‘कोण नको’ असं कधीही विचारू नका, त्या प्रश्नानेच नको असलेल्यांची यादी वर्गात तयार होते. चिठ्ठ्या कुणाला दाखवू नका. जोडीला रोज तासाच्या शेवटी वहीत दोन खुणा करा: या दोघांशी कुणीतरी कामाचं बोललं का, आणि त्यांनी स्वतःहून कुणाशी बोललं का.

अपेक्षाही बेताची ठेवा. सहा आठवड्यांत नक्कल थांबू शकते, तासातली देवघेव नक्की वाढू शकते. मधल्या सुट्टीत डबा एकत्र खाण्यापर्यंत ती जाईलच असं नाही. संगीताच्या खोलीतली ओळख मैदानावर आपोआप चालत जात नाही, त्यासाठी वर्गशिक्षक आणि खेळाच्या शिक्षकांना आपापल्या तासाची रचना बदलावी लागेल. म्हणून स्नेहसंमेलन झालं की गट मोडू नका. परिपाठात रोज राज्यगीत होतं, तिथला डफ त्याच्याकडे आणि ताल दाखवणं तिच्याकडे आठवड्यातून दोन दिवस ठेवा, बाकीचे दिवस इतरांकडे. फेब्रुवारीच्या शेवटी तीच चिठ्ठी पुन्हा घ्या आणि आधीच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून बघा. कुणाचं नाव अजूनही कुणीच लिहिलेलं नसेल, तर पुढच्या गीतात सुरुवातीचा इशारा त्या मुलाकडे द्या, मग ते मूल कुणीही असो.